मागून सायरन वाजला की काय करायचं? नाशिकच्या गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी नाशिकमध्ये गाडी शिकवते. हाफ क्लच, रिव्हर्स, चढावर गाडी मागे न येऊ देता उचलणं, हे सगळं लोक खोदून खोदून विचारतात. रुग्णवाहिकेला साइड कशी द्यायची, हे मात्र शिकत असताना कुणी विचारत नाही. लायसन हातात आल्यावर, एखाद्या संध्याकाळी मुंबई नाक्यावर मागून सायरन वाजतो, घाम फुटतो आणि रात्री मला फोन येतो, "मॅडम, मी बरोबर केलं का?" त्या फोनांमधले प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

सायरन ऐकू आला की सगळ्यात आधी काय करायचं?

आरसा बघायचा. पाय ब्रेकवर नाही, नजर आरशावर. शिकवताना पाथर्डी फाट्याच्या पुढे मोकळा रस्ता मिळाला की मी मधेच "सायरन!" असं ओरडते. बहुतेकांचा पाय आधी ब्रेकवर जातो आणि मग मान इकडेतिकडे फिरते. हा क्रम उलटा व्हायला हवा. आधी मधला आरसा, मग डावा आरसा, मग डावा इंडिकेटर, आणि मग हळूहळू डावीकडे.

काचा बंद, एसी चालू आणि वर गाणी लावलेली असतील तर सायरन तुम्हाला फार उशिरा ऐकू येतो. ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने येणारी रुग्णवाहिका सेकंदाला साधारण १७ मीटर अंतर कापते. म्हणजे तुम्ही पाच सेकंद "कुठून येतंय" याचा अंदाज घेत बसलात, तर तेवढ्यात ती ८० मीटरहून जास्त जवळ आलेली असते. म्हणून शहरात गाणी बेताच्या आवाजात लावा आणि दर काही सेकंदांनी आरशात नजर टाकायची सवय लावून घ्या. कानाआधी डोळ्याला कळलं पाहिजे. रुग्णवाहिकेच्या बोनेटवर अक्षरं उलटी रंगवलेली असतात ती याचसाठी, तुमच्या आरशात ती सुलटी दिसतात.

साइड देणं म्हणजे थांबणंच ना?

नाही. या सगळ्या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. साइड देणं म्हणजे जागा करणं. थांबायचं ते जागा करून झाल्यावर, आणि तेही गरज असेल तरच.

मला हे गाडी चालवताना कळलं नाही, रुग्णवाहिकेत मागे बसल्यावर कळलं. वडिलांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा सातपूरहून आम्ही त्र्यंबक रोडने निघालो होतो. वडील स्ट्रेचरवर, मी बाजूच्या बाकावर, डॉक्टर अर्धवट उभे राहून त्यांच्या हाताची शीर शोधत होते. सुई आत गेली, डॉक्टरांनी चिकटपट्टीचा तुकडा दाताने तोडला आणि एबीबी सर्कलच्या अलीकडे समोरच्या गाडीने करकचून ब्रेक मारला. आमच्या पायलटलाही मारावा लागला. (१०८ च्या चालकाला पायलट म्हणतात.) डॉक्टर ऑक्सिजनच्या सिलिंडरवर आपटले, सुई निघाली, वडिलांच्या मनगटावरून रक्त खाली चादरीवर आलं. डॉक्टर काही न बोलता उठले आणि पुन्हा शीर शोधायला लागले. वडील त्यातून वाचले, पुढे चांगले बरे झाले.

त्या गाडीवाल्याचा हेतू चांगलाच असणार. सायरन ऐकला आणि तो मान ठेवून थांबला. पण थांबला तो नेमका आमच्या वाटेत. तो त्याच वेगाने पुढे जात जात डावीकडे सरकला असता तर आम्ही शेजारून निघून गेलो असतो. नाशिककर वाट अडवतात असं मला कधीच वाटत नाही. वाट द्यायची इच्छा सगळ्यांना असते, ती कशी द्यायची हे कुणी शिकवलेलं नसतं.

नेहमी डावीकडेच घ्यायचं का?

वाहतूक चालू असेल तर हो, डावीकडे. आपल्याकडे ओव्हरटेक उजवीकडून होतो, रुग्णवाहिकेचा पायलटही उजवीकडूनच निघायच्या तयारीत असतो. तुम्ही अचानक उजवीकडे गेलात तर तुम्ही आणि तो एकाच जागेसाठी भिडता.

अडचण येते ती दुभाजकाला लागून, उजव्या लेनमध्ये असताना. डावीकडे गाड्यांची रांग आहे, शिरायला फट नाही, मागे सायरन. अशा वेळी जबरदस्तीने डावीकडे घुसू नका. इंडिकेटर द्या, वेग थोडा वाढवून पुढची फट गाठता येते का बघा. पुढे शंभर पावलांवर फट मिळणार असेल तर तोवर रुग्णवाहिकेच्या पुढे पळत राहणं हे उभं राहण्यापेक्षा कितीतरी बरं. आणि डाव्या रांगेतले लोकहो, उजव्या लेनमधल्या गाडीचा इंडिकेटर बघून तिला आत घ्या. त्या वेळी "मी का थांबू?" हा विचार मनात आणू नका. तुमच्यासमोर शिरणारी ती गाडी एकटी नाही, तिच्यामागे स्ट्रेचर आहे.

गाड्या खेटून उभ्या आहेत, सरकायला जागाच नाही. मग?

द्वारकेला संध्याकाळी सातला हेच होतं. मुंबई-आग्रा रस्ता आणि पुणे रस्ता तिथे एकमेकांना भेटतात, आणि चारही बाजूंनी सगळ्यांना आधी जायचं असतं.

ठप्प वाहतुकीत दोन रांगा असतील तर डावी रांग अजून डावीकडे आणि उजवी रांग दुभाजकाच्या बाजूला खेटते, मध्ये वाट होते. कुणीतरी पहिलं हलायला लागतं. एक गाडी हलली की मागच्यांना कळतं. पण त्यासाठी पुढच्या गाडीला नाक लावून उभं राहायची सवय सोडावी लागेल. पुढच्या गाडीचे मागचे टायर रस्त्याला टेकलेले दिसतील एवढं अंतर ठेवून थांबा. मग स्टिअरिंग फिरवून बाहेर पडता येतं. बंपरला बंपर लावलात तर तुमची कितीही इच्छा असली तरी चाक वळवून उपयोग नाही.

आणि फट झाली की त्यात स्कूटर घालू नका. रुग्णवाहिकेसाठी उघडलेल्या वाटेत आधी दहा दुचाक्या घुसतात आणि पुढे जाऊन तीच वाट बुजवतात. हे बघून मला खरंच वाईट वाटतं.

सिग्नल लाल आहे आणि मी सगळ्यात पुढे आहे. सिग्नल तोडू का?

आडव्या रस्त्याला हिरवा असतो आणि तिकडून येणारा तुम्हाला बघत नसतो, हे आधी ध्यानात घ्या. सायरन आणि दिवा रुग्णवाहिकेवर आहे, तुमच्या गाडीवर नाही. त्यामुळे चौक ओलांडून पळायचं नाही. स्टॉप लाइनच्या थोडं पुढे आणि तिरकं डावीकडे सरकलं की बहुतेक वेळा पुरेशी जागा होते. पायी जाणारे समोर असतील तर तेवढंही नाही. चौकात वाहतूक पोलीस असेल तर प्रश्नच मिटला, तो सांगेल तसं करा.

असं सरकताना कॅमेऱ्याने ई-चलान पाठवलं तर?

महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान वेबसाइटवर आणि महाट्रॅफिक ॲपवर तक्रार नोंदवता येते. चलानातला फोटो, तारीख, वेळ बघा आणि काय घडलं ते सरळ दोन ओळीत लिहा. डॅशकॅम असेल तर ती क्लिप सांभाळून ठेवा. चलानाच्या धास्तीने लाइनवर खिळून राहू नका, एवढंच माझं म्हणणं.

मायको सर्कलसारख्या ठिकाणी काय करायचं?

सर्कलमध्ये अजून शिरला नसाल तर शिरू नका, अलीकडेच डाव्या कडेला थांबा. शिरला असाल तर आत उभं राहू नका. जो पहिला रस्ता बाहेर पडायला मिळेल तिथून बाहेर पडा आणि बाहेर गेल्यावर कडेला घ्या. तुम्हाला कॉलेज रोडला जायचं होतं आणि तुम्ही त्र्यंबक नाक्याकडे निघालात, तर पाच मिनिटांचा फेरा पडेल. पडू दे.

उड्डाणपुलावर आणि हायवेवर?

शहरातून जाणाऱ्या उड्डाणपुलावर कठड्यापलीकडे उतरायला जागा नाही, म्हणून तिथे थांबायचं नाही. वेग थोडा कमी, डावा इंडिकेटर, डाव्या कठड्याकडे सरळ रेषेत चालत राहा.

कसारा घाटाकडे किंवा समृद्धीवर जात असाल तर डावी साइडपट्टी मोकळी ठेवा. चहा, फोन, फोटो यांसाठी तिथे गाडी लावू नका. पुढे अपघात होऊन रांग लागली की मदतीची गाडी याच पट्टीवरून येते. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा नंबर आहे, तो आजच फोनमध्ये सेव्ह करा.

गावठाणात तर एकच गाडी मावते. तिथे साइड कुठे द्यायची?

मेन रोड, भद्रकाली, तिवंधा, पंचवटीतल्या गल्ल्या... इथे साइड देता येत नाही, पुढे जाऊन वाट मोकळी करावी लागते. रुग्णवाहिका मागे असेल तर न थांबता पुढच्या मोकळ्या जागेपर्यंत चला आणि तिथे वळून घ्या. ती समोरून येत असेल तर रिव्हर्स तुम्ही घ्यायचा, तिने नाही.

या भागातली खरी अडचण चालणाऱ्या गाड्यांची नाही, लावलेल्या गाड्यांची आहे. "दोन मिनिटांत आलो" म्हणून दुकानासमोर तिरकी लावलेली कार, हँडल लॉक केलेली स्कूटर. बंब आत शिरू शकला नाही तर पाइप लांबून ओढत न्यावा लागतो, आणि तोवर आग थांबून राहत नाही. शिंगाडा तलावाच्या अग्निशमन केंद्रातून मेन रोड काही लांब नाही. वेळ जातो तो शेवटच्या दोनशे मीटरमध्ये.

दुचाकीवर असलो तर?

डाव्या कडेला या, पाय टेकवा, थांबा. दुचाकीला थांबायला फारशी जागा लागत नाही, त्यामुळे तुमच्यासाठी हे सगळ्यात सोपं आहे. फक्त कडेला खडी, चिखल किंवा गटाराची झाकणं असतात, तेव्हा घाईत घसरू नका. हेल्मेटमध्ये आवाजाची दिशा नीट कळत नाही, म्हणून दोन्ही आरसे लावलेले हवेत. आरसे काढून ठेवणाऱ्या मुलांना मी रोज बघते. बाळांनो, ते परत लावा.

रुग्णवाहिका समोरून, दुभाजकाच्या पलीकडून येत असेल तर?

दुभाजक सलग असेल तर तुम्हाला काही करायची गरज नाही, चालत राहा. उगाच थांबलात तर तुमच्या मागे गर्दी होईल. दुभाजक नसेल तर मात्र डावीकडे घ्या, कारण तिच्या बाजूच्या गाड्या टाळायला ती तुमच्या बाजूला येऊ शकते. कधी कधी पलीकडचा रस्ता पूर्ण बंद असतो आणि ती तुमच्या रस्त्यावरून उलट्या दिशेने येते. डोळ्यांवर डिपर येतो, आपण बिचकतो. तेव्हाही तेच करायचं. डावीकडे आणि हळू.

रुग्णवाहिकेच्या मागे लागून निघालं तर लवकर पोचतो. चूक काय त्यात?

तिच्या पुढे वाट मोकळी करून देणाऱ्या गाड्या ती गेली की लगेच परत रस्त्यावर येतात. त्यांच्या डोक्यात तुम्ही नसता. शिवाय ती कधीही ब्रेक मारते, कधीही वळते. पेशंटचे नातेवाईक असाल तरी हेच. सोबत निघालेले भाऊ, मेहुणे रुग्णवाहिकेच्या मागोमाग गाडी पळवतात आणि मग एकाच घरात दोन पेशंट होतात. रुग्णालयाचं नाव विचारून घ्या, आपल्या वेगाने या. एकाने रुग्णवाहिकेत बसायचं, बाकीच्यांनी सावकाश यायचं.

बंबासाठी वेगळं काही?

बंबाला जास्त अंतर द्या. त्याच्या टाकीत साडेचार हजार लिटर पाणी असेल तर नुसतं पाणीच साडेचार टन झालं. एवढं वजन पटकन थांबत नाही. तुम्ही त्याच्यासमोर कट मारून घुसलात तर ब्रेक दाबूनही तो तुमच्यावर येईल. बंब रुंदही असतो, कारला पुरलेली फट त्याला पुरत नाही.

आणि बंब सहसा एकटा नसतो. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे औरंगाबाद रोडवर मिरची हॉटेलच्या चौकात खासगी बस आणि ट्रकची धडक झाली, बस पेटली आणि १२ जण गेले. अशा ठिकाणी एकामागून एक गाड्या लागतात, बंब, रुग्णवाहिका, पोलिसांची गाडी. पहिली गेली की लगेच रस्त्यावर येऊ नका.

सायरन नाही, नुसता दिवा फिरतोय. किंवा सायरन आहे पण आत पेशंट दिसत नाही. तरी साइड द्यायची?

द्यायची. रात्री रस्ता मोकळा असेल तर काही पायलट सायरन बंद ठेवतात. काही पेशंटना त्या आवाजाने जास्त त्रास होतो. आणि रिकामी दिसणारी रुग्णवाहिका पेशंटला आणायला निघालेली असू शकते. उलट तीच जास्त घाईत असते, कारण तिकडे अजून कुणी डॉक्टर पोचलेला नसतो. हृदय बंद पडलं तर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला सुरुवात होते. पक्षाघातात मेंदूतल्या साधारण १९ लाख पेशी दर मिनिटाला मरतात.

कुणी सायरनचा गैरवापर करत असेलही. रस्त्यावर त्याचा निवाडा आपण करायचा नाही. शंका असेल तर गाडीचा नंबर लक्षात ठेवा, नंतर पोलिसांना कळवा, पण साइड आधी द्या.

मंत्र्यांच्या ताफ्याला पण असंच?

पोलीस सांगतील तसं करा. लाल दिव्याची पद्धत १ मे २०१७ पासून बंद झाली आहे.

घरच्या गाडीतूनच पेशंट नेतोय. दिवे लावून, रुमाल हलवत निघालो तर चालेल?

असा रुमाल दिसला तर मी स्वतः साइड देते, तुम्हीही द्या. माणुसकीला कलम लागत नाही. पण कायद्याच्या दृष्टीने तुमची गाडी साधी गाडीच राहते. सिग्नल तोडायचा, उलट्या बाजूने जायचा अधिकार तिला मिळत नाही, आणि सुरांचा भोंगा खासगी गाडीला लावायलाही मनाई आहे. शिवाय घाबरलेला मुलगा स्टिअरिंगवर आणि मागे बेशुद्ध आई, हे फार धोक्याचं आहे. शक्य असेल तर १०८ लावा. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, फुकट आहे आणि सोबत डॉक्टर येतो. गरोदर बाईसाठी आणि तान्ह्या बाळासाठी १०२, आगीसाठी १०१, पोलिसांसाठी ११२. फोन करताना पत्ता नुसता "सिडको" सांगू नका. "पवननगर, अमुक मंदिराच्या समोरची गल्ली, तिसरी बिल्डिंग" असं सांगा आणि एका माणसाला गल्लीच्या तोंडावर उभं करा. ही एवढी गोष्ट किती मिनिटं वाचवते, ते कुठल्याही पायलटला विचारून बघा.

साइड दिली नाही तर दंड किती?

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४ ई आलं. अग्निशमन वाहन, रुग्णवाहिका किंवा राज्य सरकारने ठरवलेलं आपत्कालीन वाहन येत असताना कडेला न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

साइड देताना माझी गाडी दुसऱ्याला घासली तर?

जबाबदारी तुमचीच. म्हणूनच तर आरसा आधी.

अपघात दिसला तर मदत करू की नसत्या भानगडीत पडायचं नाही?

मदत करा. चांगल्या हेतूने जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, असं कलम १३४ ए सांगतं. तुमचं नाव-पत्ता सांगायचीही सक्ती नाही. जखमीकडे पैसे नाहीत म्हणून घाबरू नका. रस्ते अपघातातल्या जखमींसाठी मे २०२५ पासून केंद्र सरकारची कॅशलेस उपचारांची योजना आहे, सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंत.

पण मदत करणारे चारजण पुरतात. बाकीच्यांनी गाडी पुढे न्यायची. बघ्यांच्या गाड्या दोन्ही बाजूंनी लागल्या की रुग्णवाहिका दोनशे मीटर मागे अडकते आणि स्ट्रेचर हातात धरून पळावं लागतं.

गणपतीच्या मिरवणुकीत आणि सिंहस्थात काय?

वाकडी बारवेहून निघणाऱ्या मिरवणुकीत ढोल वाजत असताना सायरन कुणालाच ऐकू येत नाही. पथकाच्या शेवटच्या ओळीतल्या कार्यकर्त्याची नजर मागे हवी आणि त्याच्या शिट्टीवर ढोल थांबले पाहिजेत. आधी आवाज थांबवा, मग वाट आपोआप होते. दोरीच्या आतल्या लोकांनी एका बाजूला सरकायचं, दोन्ही बाजूंना पळापळ करायची नाही.

सिंहस्थाबद्दल मी जरा जास्त कळवळून सांगते. २७ ऑगस्ट २००३ ला सरदार चौकाच्या उतारावर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. त्या अरुंद रस्त्याला रुंदी नव्हती आणि आजही फार नाही. आता २०२७ मध्ये २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर या नाशिकच्या अमृतस्नानाच्या तारखा आहेत. त्या दिवशी रामकुंडाच्या बाजूला राहणाऱ्यांनी गाडी आधीच लांब नेऊन ठेवा. पोलिसांनी दोरी किंवा बॅरिकेड लावून एक पट्टा मोकळा ठेवला असेल तर त्यात पाहुण्यांची गाडी घालायला ओळख वापरू नका. तो पट्टा कुणाच्या तरी आजीसाठी आहे.

मॅडम, घाबरून गाडी बंद पडली तर?

नवीन चालकांना ही भीती सगळ्यात जास्त असते. बंद पडली तर पडली. चारही इंडिकेटर एकदम लावा, म्हणजे मागच्याला कळेल की तुम्ही हलणार नाही आणि तो बाजूने जाईल. पायलट रोज हेच बघतो, तो वाट काढतो. त्याला तुम्ही हलणार की नाही, एवढंच कळायला हवं. क्लच पूर्ण दाबा, न्यूट्रल करा, चावी फिरवा. सुरू झाली आणि तोवर रुग्णवाहिका तुमच्या शेजारी आलेली असेल तर आता हलू नका. तिला जाऊ द्या.

ती गेल्यावर परत कधी निघायचं?

पुन्हा एकदा आरसा. मागे दुसरा दिवा नाही, शेजारच्या रांगेतली दुचाकी पुढे आलेली नाही, हे बघा. उजवा इंडिकेटर द्या आणि कडेची गाडी हळूच बाहेर काढा.